आईच्या कोंबड्या आणि शंभर डोसची बाटली



मागच्या आठवड्यात कृषी पदवीची चार पोरं रानात आली होती. ज्वारी बघायला आली आणि कोंबड्यांजवळच रमली. त्यातल्या एकानं वहीत रकाना काढून विचारलं, "दादा, जात कुठली?" मी म्हणालो, गावरान. त्यानं वहीत लिहिलं, 'नॉन-डिस्क्रिप्ट'. म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, जिचं वर्णन झालेलं नाही ती.

पोराची चूक नाही. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, तिथं देशातल्या जातींची नोंद होते. त्या यादीत असील आहे, झाबुआची कडकनाथ आहे, आपल्या नंदुरबार-धुळे आणि गुजरातच्या पट्ट्यातली बुसरा आहे. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिढ्यानपिढ्या फिरणाऱ्या कोंबडीला त्या यादीत नाव नाही. म्हटलं, मग आपणच लिहू. आणि लिहायला बसलोच आहे तर तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून काय झालं तेही लिहितो. बरेच दिवस टाळत होतो.

आधी कोंबडीचं वर्णन

आमची तलंग सहा-सात महिन्यांची झाली की पहिलं अंडं देते. वाढलेली कोंबडी सव्वा ते दीड किलो, कोंबडा दोन किलोच्या आसपास. अंडं लहान, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, फिकट बदामी रंगाचं. रंग म्हणाल तर तांबडी, काळी, कबरी, मातकट सगळ्या आहेत. त्यात मातकट आणि कबरी जास्त जगतात, कारण ढेकळांत बसली की घारीला दिसत नाहीत. पांढरं पिलू आमच्याकडं महिनाभर टिकलं तर नशीब.

अंगानं हलकी असल्यामुळं उडते चांगली. कुत्रं मागं लागलं तर थेट बाभळीवर. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला तरी दुपारी कडब्याच्या गंजीच्या सावलीला चोच उघडी टाकून बसते आणि संध्याकाळी परत उकिरडा उकरायला हजर. काही कोंबड्यांच्या मानेवर पिसंच नसतात. नवख्या माणसाला वाटतं रोग झालाय. तसं नाही, तो जन्मजात गुण आहे. पिसं कमी म्हणून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं असल्याच बोडक्या मानेच्या देशी कोंबडीवरून 'हितकारी' नावाचं वाण केलंय. म्हणजे आपण ज्या कोंबडीला हसतो तिच्यावर शास्त्रज्ञ काम करतात.

आमच्या कळपात अधूनमधून एखादा उंच पायाचा, जाड मानेचा, मटारीएवढ्या बुटक्या तुऱ्याचा कोंबडा निघतो. कर्नाटकाची हद्द इथून लांब नाही. असीलाचं रक्त कधीतरी मिसळलं असावं असा माझा अंदाज. असा कोंबडा घराजवळ आलेल्या मांजराला मागं सारतो. (झुंजीसाठी कुणी मागायला आलं तर देऊ नका. ते कायद्यानं बंद आहे आणि बघवतही नाही.)

अंडी कमी का देते?

हा प्रश्न सगळे विचारतात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. मग ठेवायची कशाला?

हिशोब असा मांडा. कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. रवण घातलं तर एकवीस दिवस अंड्यांवर. नंतर दीड-दोन महिने पिलांमागं. म्हणजे अंडी देण्याचे पंधरा-वीस दिवस सोडले तर बाकीचे अडीच-तीन महिने ती दुसरंच काम करत असते. इनक्युबेटरचं काम तिचं, ब्रूडरच्या बल्बचं काम तिचं, राखणदाराचंही तिचंच. त्या कामाचं लाईटबिल आपल्याला येत नाही म्हणून ते आपल्या हिशोबात धरलं जात नाही.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा ही वाणं मी पाळून बघितलीत. वाईट नाहीत. अंडी जास्त, वजन लवकर. ज्याला अंडी विकायचीच आहेत त्यानं जरूर पाळावीत. पण ती खुडूक बसत नाहीत म्हटलं तरी चालेल. कळप संपला की परत पिलं विकत आणायची. आणि वनराजाचा जड कोंबडा मुंगूस दिसलं तरी उभा राहून बघतो.

कडकनाथचंही सांगतो. कोंबडी अस्सल आहे, २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं काळं नसतं, हे लक्षात ठेवा. तीही खुडूक बसायला कच्ची. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात मधल्या काळात कडकनाथच्या करारांनी किती घरं बुडाली ते २०१९ साली पेपरात रोज येत होतं. त्यात कोंबडीचा काय दोष? पिलं कुणाला विकायची हे ठरवायच्या आधी पैसे भरले, तिथं चुकलं.

आईची कोंबडी

आमच्या घरातली कोंबडी आईच्या माहेरची, अक्कलकोटकडची. मी पोटात होतो तेव्हा आजोबांनी एस.टी.त मांडीवर टोपली घेऊन एक कोंबडी आणि पाच पिलं आणून दिली. लेकीला बाळंतपणात अंडी खायला मिळावीत म्हणून. त्याच कोंबडीच्या लेकी-नातींचा हा वंश. मधे मधे कोंबडे बाहेरचे आले, पण कोंबड्या त्याच.

त्या कोंबड्यांचे पैसे घरात कुणी मोजले नाहीत. ज्वारीचे वडिलांकडं, दुधाचे डेअरीच्या खात्यावर, अंड्यांचे आईच्या डब्यात. माझी दहावीची फी त्या डब्यातून गेली. बहिणीच्या बांगड्या, पाहुण्यांचा चहा-साखर, आईच्या बीपीच्या गोळ्या, सगळं त्याच डब्यातून. आठवडे बाजारात गावरान अंडं हातोहात जातं. आईनं घरात कुणाकडं गोळ्यांना पैसे मागितलेले मला आठवत नाहीत.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वीचा पौष. घरी अकरा कोंबड्या, एक म्हातारा कोंबडा आणि तीन-चार महिन्यांची बावीस तलंगा-पिलं. एकूण चौतीस.

आई दिवाळीपासून म्हणत होती, "आरं, लस टोचून घे की कोंबड्यास्नी. थंडी सुरू झाली." मी दवाखान्यात विचारलं. मानमोडीच्या लशीची बाटली शंभर डोसची. एकदा औषध पाण्यात कालवलं की दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. मी मनात म्हटलं, चौतीस कोंबड्यांसाठी शंभर डोस फोडायचे? सहासष्ट वाया? पुढच्या आठवड्यात बघू. ऊस तोडीला आला होता, तुरीची काढणी चालू होती. तो पुढचा आठवडा काही आला नाही.

वर आणखी एक केलं. कोंबडा म्हातारा झाला होता म्हणून आठवडे बाजारातून एक तांबडा, उमदा कोंबडा आणला. मागितल्यापेक्षा शंभर रुपये कमी करून दिला, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. घरी आणला आणि त्याच रात्री खुराड्यात सोडला.

चौथ्या दिवशी तो कोंबडा पंख पाडून बसला. आई म्हणाली, "नव्या जाग्याला बुजला आसंल." सहाव्या दिवशी मेला. त्यानंतर एकेक करत सगळ्या. हिरवी-पांढरी हगवण, घशात घरघर, मग मान अशी पिळवटून मागं. उभं राहायला जाई आणि गोल फिरून पडे. मानमोडी हे नाव कुणी ठेवलं असेल त्यानं हे डोळ्यांनी बघितलं असणार.

पळत दवाखान्यात गेलो. डॉक्टर आले, बघितलं आणि सरळ सांगितलं, "हा विषाणूचा रोग आहे. आजारी पडल्यावर याला औषध नाही. आता फक्त पसरू नये एवढं बघा." नऊ दिवसांत चौतिसातल्या एकोणतीस गेल्या. उरल्या दोन कोंबड्या आणि तीन तलंगा. त्यातल्या एका तलंगीची मान वाकडीच राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक व्यापारी मोटारसायकलवर आला होता. त्याला कुठून कळलं कोण जाणे. अजून चालत्या-फिरत्या दहा-बारा होत्या. म्हणाला, "मरायच्या आधी देऊन टाका, निम्मे पैसे रोख देतो." मी आईकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, माझं मन झालं होतं. आई त्याला म्हणाली, "न्हाय बाबा. आमच्या घरचं मरण दुसऱ्याच्या दारात न्हाय घालायचं." तो गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बाजारातला तो तांबडा कोंबडा मला स्वस्तात का मिळाला होता.

बांधाच्या कडेला कमरेएवढा खड्डा घेतला. खाली चुना, वर चुना. एकोणतीस आणि तो बाजारचा एक. आई खड्ड्याजवळ आली नाही. मला एका शब्दानं बोललीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी चहा पीत होतो. आई दारात उभी राहून म्हणाली, "गोळ्या संपल्यात. पैसं दे जरा." ते ऐकून चहा घशाखाली उतरला नाही.

वंश परत कसा आला

आमच्याकडं जुनी पद्धत आहे. शेळी जशी अर्धलीनं देतात तशी कोंबडीही देतात. तलंग दुसऱ्याला सांभाळायला द्यायची, पिलं निम्मी निम्मी. त्या सालाच्या चार वर्षं आधी आईनं माझ्या मावसबहिणीला, आक्काला, सांगोल्याकडं दोन तलंगा अशाच दिल्या होत्या. आईनं वाटा कधी मागितला नाही, आम्ही विसरूनही गेलो होतो.

आक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, मावशीच्या कोंबडीच्या नऊ कोंबड्या हायत माझ्याकडं. ने की." आईला म्हटलं उद्याच आणतो. यावेळी आईच आडवी आली. "आधी डाक्टरला विचार."

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. खुराड्यातली जुनी माती-विष्ठा खरवडून लांब पुरली. भिंतींच्या फटी बुजवल्या, दोन हात चुना दिला. उरलेल्या पाच कोंबड्या घराच्या पाठीमागं वेगळ्या ठेवल्या. खुराडं दीड महिना उन्हात उघडं रिकामं ठेवलं. आक्काकडच्या कोंबड्यांना तिथंच लस दिली, त्यावर तीन आठवडे जाऊ दिले. मग तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. आणला तसा कोंबडा मी खुराड्याकडं नेऊ लागलो तर आईनं डालगं पुढं केलं. "पंधरा दीस ह्याच्याखाली. वायलं."

तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली. बियाणं सगळं एका घरात ठेवू नये. मालदांडीचं बी आपण शेजाऱ्याला देतो ते काही उपकार म्हणून देत नाही. आपलं बुडालं तर मागायला जागा राहावी म्हणून देतो. कोंबडीचंही तसंच आहे.

आता आम्ही काय करतो

१) लस वस्तीवर मिळून. शंभर डोसचं कोडं आठ घरांनी मिळून सोडवलं. वस्तीवरच्या आठ घरांच्या मिळून नव्वदभर कोंबड्या होतात. एक दिवस ठरवतो. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवायच्या. पहाटे डॉक्टर किंवा त्यांचा माणूस येतो, उजाडायच्या आत काम संपतं. लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची, दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं.
पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी, टोचून. ही दुसरी लस लहान पिलाला द्यायची नाही, ती जोरकस असते. आजारी कोंबडीलाही नाही. टोचायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. पुढचा डोस कधी, देवीची लस कधी, हे आपापल्या डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आम्ही खुराड्याच्या फळीवर खडूनं लिहितो.
एक गंमत सांगतो. या रोगाची आपल्या देशात नोंद झाली ती १९२७ साली, उत्तराखंडातल्या राणीखेतला. म्हणून पुस्तकात नाव 'राणीखेत'. आणि आर-टू-बी लशीच्या वाणाला 'मुक्तेश्वर' म्हणतात, तेही त्याच डोंगरातलं गाव. रोगाचं नाव आणि उताऱ्याचं नाव शेजारच्या गावांचं. आपल्या राज्यात पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत ही लस तयार होते. म्हणजे जवळ आहे, आपलाच आळस.

२) नवा पक्षी आला की आधी वेगळा. पंधरा दिवस ते तीन आठवडे. जत्रेहून परत आणलेला, पाहुण्यांनी दिलेला, कुणाचाही असो. त्याचं पाणी-दाणं शेवटी द्यायचं आणि हात धुवायचे.

३) मेलेली कोंबडी उकिरड्यावर, ओढ्यात टाकायची नाही. कुत्रं ओढून दुसऱ्याच्या दारात नेतं. खोल पुरायची, चुना टाकायचा. एकदम जास्त मरायला लागल्या तर लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. लपवून कुणाचंच भलं होत नाही.

४) खुराडं. एका कोंबडीला एक ते दीड चौरस फूट जागा रात्रीपुरती पुरते. जमिनीपासून दोन फूट उंच असलं की ओल आणि मुंगूस दोन्ही टळतात. फटी हा खरा शत्रू. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. कोंबडीच्या अंगावर शोधून काही सापडत नाही आणि कोंबडी मात्र सुकत जाते, तुरा पांढरा पडतो. महिन्यातून एकदा फटींत उकळतं पाणी, वर्षातून दोनदा चुना. दारात एका टोपल्यात राख आणि बारीक माती. कोंबड्या त्यात लोळतात, पिसवा कमी होतात.

५) दाणा. पूर्वी खळ्यावर महिनाभर ज्वारी सांडलेली असायची. आता मशीन येतं, दोन तासांत रान मोकळं. आणि ज्वारीच्या जागी ऊस आला, उसात कोंबडीला काय मिळणार? म्हणून संध्याकाळी मूठमूठ ज्वारीची कणी, थोडी तुरीची चुणी देतो. पिलांसाठी आईची युक्ती आहे. जुन्या मडक्यात ओलं शेण, काड, फाटकं गोणपाट भरून वारुळाजवळच्या जमिनीवर पालथं घालायचं. सकाळी उचललं की वाळवीच वाळवी. पिलं तुटून पडतात. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं द्या.
आणि हे मोठ्यानं सांगतो. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं अंगणात ठेवू नका. पेरणीच्या दिवशी सांडलेलं रंगीत बी उचलून माती टाका. आमच्या शेजारच्या चार कोंबड्या त्यानं गेल्या आहेत.

६) कोंबडा बदला. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तोच कोंबडा पाच वर्षं ठेवला तर बापलेकीचा संबंध येतो, पिलं कमजोर निघतात. आम्ही आठ घरं दर दीड-दोन वर्षांनी कोंबडे अदलाबदल करतो. लस झालेले, ओळखीचे. बाजारात जायची गरज पडत नाही. कोंबडा निवडताना त्याचा रुबाब बघू नका, त्याची आई किती पिलं जगवायची ते बघा.

रवण घालताना

रवणाची अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. उन्हाळ्यात घरात ठेवलेलं अंडं आतल्या आत अर्धवट वाढायला लागतं आणि मरतं. आई पाटीत ओली वाळू घालते, वर गोणपाट, त्यावर अंडी. पाटी घरात अंधाऱ्या कोपऱ्यात, वाळूवर रोज थोडं पाणी. चैत्र-वैशाखात शक्यतो रवण घालूच नये, पिलं निघतात कमी आणि जगतात त्याहून कमी. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास घातलेलं रवण सगळ्यात चांगलं साधतं.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी, जास्त नको. सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलंय. नुसतं मोकळं पिवळं दिसलं तर काढून घ्या. दाणा-पाणी जवळ ठेवा, पण दिवसातून एकदा कोंबडी उठून बाहेर जाऊन आली पाहिजे.

आई अंड्यांत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवते, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मी काही बोलत नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते असंही ती म्हणते. ते मात्र मी तपासलं. पेन्सिलीनं खुणा करून बारा अंडी घातली, दहा निघाली. पिलं निघताना खुणेप्रमाणं वेगळी करून त्यांच्या पायात रंगीत दोरे बांधले. मोठी झाल्यावर बघितलं तर टोकदार अंड्यांतूनही दोन्ही, गोलातूनही दोन्ही. पक्ष्यांत नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, कवचाच्या आकारावर नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तू खुणाच चुकीच्या केल्या आसशील."

पिलांना पहिले तीन आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवा, उन्हं वर आल्यावर थोडा वेळ सोडा. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, पिलू बुडत नाही. माझ्या वहीत पूर्वी दहा पिलांतली चार जगायची अशी नोंद आहे. लस आणि डालगं, एवढ्या दोनच गोष्टींनी आता सात जगतात.

शेवटचं

आज घरी चौदा कोंबड्या, दोन कोंबडे आणि सतरा पिलं आहेत. आईचा डबा परत वाजतोय. ती मला गोळ्यांना पैसे मागत नाही. मीच आणून देतो, तर म्हणते ठेव तुझ्याजवळ. वाकड्या मानेची ती तलंग आता जुनी कोंबडी झालीय. दाणा टिपताना तिला अंदाज येत नाही, एका बाजूनं चोच मारते. आई तिच्यापुढं वेगळी मूठ टाकते. मी म्हटलं होतं एकदा, ही काढून टाकू. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला दिसत ऱ्हाईल."

गेल्या वर्षी तिला मुद्दाम रवणाला बसवली. अकरातली नऊ निघाली. सगळ्यांच्या माना सरळ.

त्या पोरांना जाताना मी एवढंच सांगितलं, की वहीत 'नॉन-डिस्क्रिप्ट' लिहिलंय त्याच्याखाली दोन ओळी जागा सोडा. आणि तुम्हाला सांगतो, या महिन्यात आपल्या वस्तीवरच्या कोंबड्या मोजा. शंभर भरत नसतील तर शेजारच्या वस्तीला हाक मारा. आणि दोन तलंगा अशा ठिकाणी द्या, की जिथून तुमचं बुडाल्यावर परत मागता येतील.

तुमच्याकडं खुडूक कोंबडी उठवायला, पिलं जगवायला काय करता तेही लिहा. आईला वाचून दाखवतो. पटलं नाही तर ती बोलेल, तेही कळवतो.

राम राम.